सीओपीडीच्या रुग्णाचा मृत्यूचा धोका कसा अजमावावा : नाशिक परिसरातील डॉक्टरांसाठी

सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लावणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. त्याच्या रुग्णाची फाइल उघडली की आपली नजर सवयीने एकाच आकड्यावर जाते. पहिल्या सेकंदात जोराने बाहेर फुंकलेली हवा, म्हणजे एफईव्ही-१, अपेक्षित मूल्याच्या किती टक्के आहे यावरून आजार मध्यम की तीव्र हे ठरते आणि पुष्कळदा रुग्णाचे भवितव्यही तेवढ्यावरच मनातल्या मनात ठरवले जाते. हा आकडा महत्त्वाचा आहे, पण एकटा अपुरा आहे. एफईव्ही-१ चाळीस टक्के असलेले दोन रुग्ण डोळ्यांसमोर आणा. एक जण रोज सकाळी द्राक्षबागेत फेरी मारून येतो. दुसऱ्याला अंघोळीनंतर अंग पुसतानाही धाप लागते आणि त्याचे वजन वर्षभर उतरत चालले आहे. या दोघांना पुढच्या चार वर्षांत असलेला धोका सारखा नाही. तो किती वेगळा आहे हे बऱ्यापैकी मोजता येते, आणि त्यासाठी लागणारी साधने तालुक्याच्या गावीही जमवता येण्यासारखी आहेत : वजनकाटा, उंचीची पट्टी, फुंकलेली हवा मोजणारा स्पायरोमीटर, सरळ व्हरांडा, घड्याळ आणि धापेविषयी नीट विचारलेला प्रश्न.

हा हिशेब पुढचे पाऊल ठरवण्यासाठी करायचा असतो. कोणाला फुप्फुस पुनर्वसनाची, म्हणजे देखरेखीखालचा व्यायाम, आहार आणि शिक्षण यांची गरज सर्वांत आधी आहे, कोणाच्या रक्तातील वायूंची तपासणी राहून गेली आहे, कोणाला छातीविकारतज्ज्ञाकडे पाठवायला उशीर होत आहे आणि कोणाशी शेवटच्या काळाबद्दल बोलायला हवे, हे त्यातून कळते. ज्या आकड्याने यातले काहीच बदलणार नसेल, तो काढण्यासाठी धापेने हैराण झालेल्या माणसाला व्हरांड्यात चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी निदान पक्के करा

धोक्याचे निर्देशांक विशिष्ट आजारासाठी बनवलेले असतात; आजार चुकला तर पुढचे सगळे गणित चुकते. आपल्याकडे रुग्ण ‘दमा आहे’ एवढेच सांगतो आणि त्या एका शब्दाखाली खरा दमा, सीओपीडी, बरा झालेला क्षयरोग, श्वासनलिका कायमच्या फुगल्याने होणारा ब्राँकिएक्टेसिस, फुप्फुसाचा फायब्रोसिस (फुप्फुस व्रणांनी कडक होणे) आणि हृदयविकार असे सगळेच येऊ शकते. म्हणून श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉल पंपाचे चार झोत, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम, स्पेसरमधून देऊन पंधरा मिनिटांनी स्पायरोमेट्री करावी आणि एफईव्ही-१ व एफव्हीसी (एका दमात जोराने बाहेर फुंकलेली एकूण हवा) यांचे गुणोत्तर ०.७०च्या खाली राहते का ते पाहावे. क्षयरोगाची शंका असेल तर आधी थुंकी तपासावी, मगच फुंकण्याची तपासणी करावी. ही खबरदारी रुग्णाइतकीच तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञासाठीही आहे.

धुराचा इतिहास विचारताना ‘सिगारेट ओढता का’ एवढ्यावर थांबू नये. सुरगाणा, पेठ किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातील ज्या बाईने वीस-तीस वर्षे चुलीपुढे स्वयंपाक केला, तिचे उत्तर ‘नाही’ असेच येईल आणि आपण सीओपीडीचा विचारच सोडून देऊ. सिन्नर हे विडी उद्योगाचे जुने केंद्र आहे. तिथे विडी ओढण्याबरोबरच तंबाखूच्या धुळीत केलेल्या कामाचीही चौकशी करावी. खडी क्रशरवर, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ओतकामात किंवा घासकामात घालवलेली वर्षेही विचारून लिहावीत.

निदान सीओपीडीचे नसेल तर निर्देशांकही दुसरा लागतो. कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिससाठी २०१२ साली मांडलेला ‘गॅप’ निर्देशांक लिंग, वय, एफव्हीसी आणि फुप्फुसाची वायू रक्तात सोडण्याची क्षमता यांवर चालतो. ब्राँकिएक्टेसिससाठी ‘फेस्ड’सारखी वेगळी मोजपट्टी आहे. क्षयरोगानंतर फुप्फुसात राहिलेल्या व्रणांमुळे ज्यांना धाप लागते, त्यांना सीओपीडीचा निर्देशांक लावून टक्केवारी सांगणे योग्य नाही, कारण तो निर्देशांक अशा रुग्णांवर तयार झालेलाच नाही. त्यांची मोजमापे जरूर घ्यावीत आणि काळानुरूप त्यांत काय बदल होतो तेही पाहावे, पण टक्केवारी सांगू नये.

बोड निर्देशांक : चार मोजमापे

सीओपीडीसाठी सर्वाधिक वापरला जाणारा निर्देशांक ‘बोड’ नावाने ओळखला जातो. बार्तोलोमे सेल्ली आणि सहकाऱ्यांनी तो २००४ साली प्रसिद्ध केला. आधी २०७ रुग्णांवरून त्यांनी चार घटक निवडले आणि मग ६२५ रुग्णांवर ते पारखून घेतले. हे घटक म्हणजे बॉडी मास इंडेक्स (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग), श्वासनलिकांतील अडथळा, धाप आणि चालण्याची क्षमता. एकूण गुण ० ते १०. गुण जितके जास्त तितका धोका अधिक.

मोजमापे रुग्ण स्थिर असतानाच घ्यावीत. आजार बळावून तो नुकताच रुग्णालयातून घरी गेला असेल तर किमान सहा ते आठ आठवडे थांबावे. डिस्चार्जच्या दिवशी घेतलेले चालण्याचे अंतर हे त्या दुखण्याचे माप असते, कायमच्या आजाराचे नव्हे.

वजन-उंची घेणे सोपे वाटते, म्हणूनच त्यात हयगय होते. उंची रुग्णाला विचारून लिहू नये, मोजून लिहावी. पायांवर सूज असेल तर वजन फुगलेले येते आणि मांडीचे-दंडाचे स्नायू झडलेला माणूस कागदावर धडधाकट दिसतो. सूज उतरल्यावर पुन्हा वजन घ्यावे. बॉडी मास इंडेक्स २१पेक्षा जास्त असेल तर शून्य गुण, २१ किंवा कमी असेल तर एक गुण. आपल्या ग्रामीण भागात मुळातच सडपातळ माणसे पुष्कळ असल्याने हा एक गुण अनेकांना सहज मिळतो. त्यामुळे वजन मूळचेच कमी आहे की गेल्या सहा-बारा महिन्यांत उतरले आहे, हे शेजारी लिहून ठेवावे; उतरत जाणारे वजन अधिक काळजीचे असते.

अडथळ्याचे गुण पंप दिल्यानंतरच्या एफईव्ही-१वरून द्यायचे. अपेक्षित मूल्याच्या ६५ टक्के किंवा अधिक असेल तर शून्य, ५० ते ६४ टक्क्यांना एक, ३६ ते ४९ टक्क्यांना दोन आणि ३५ टक्के किंवा कमी असेल तर तीन. ही विभागणी तीव्रतेच्या नेहमीच्या ८०-५०-३० या पायऱ्यांपेक्षा वेगळी आहे, हे ध्यानात ठेवावे. ‘अपेक्षित मूल्य’ यंत्रातील समीकरणावर अवलंबून असते. एकाच रुग्णाची एक चाचणी नाशिक रोडला आणि दुसरी कॉलेज रोडला झाली आणि दोन यंत्रांत वेगवेगळी समीकरणे बसवलेली असली, तर फुप्फुसात काहीही न बदलता टक्केवारी बदलते. अशा वेळी टक्क्यांऐवजी लिटरमधील मूळ आकडे ताडून पाहावेत. किमान तीन स्वीकारार्ह फुंका हव्यात आणि त्यांतील सर्वांत मोठ्या दोन एफईव्ही-१मध्ये १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको.

धाप कशी विचारावी

धापेसाठी सुधारित एमआरसी श्रेणी वापरतात, शून्य ते चार. इथे सर्वांत जास्त चुका होतात, कारण ‘धाप लागते का’ या प्रश्नाला आपले रुग्ण बहुधा ‘थोडी लागते’ असे उत्तर देतात. ज्याला धाप लागते तो हळूहळू ती लागणारी कामेच सोडून देतो. जिना टाळतो, बाजारात नातवाला पाठवतो, शेतावर जाणे बंद करतो, आणि मग खरेच सांगतो की आता फारसा त्रास नाही. म्हणून त्रास किती होतो हे विचारण्याआधी, पूर्वी करत असलेले काय काय आता सोडले आहे ते विचारावे. सोबत आलेल्या मुलाला किंवा सुनेलाही विचारावे, मात्र रुग्णाचे बोलणे पुरे झाल्यावर.

श्रेणींना ओळखीच्या जागा जोडल्या तर उत्तरे अचूक येतात. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना किंवा तसेच कष्टाचे काम करतानाच दम लागत असेल, तर श्रेणी शून्य. सपाट रस्त्यावर घाईने चालताना, किंवा गंगेवरून, म्हणजे गोदाकाठावरून, रविवार कारंजाकडे येणाऱ्या हलक्या चढावर धाप लागत असेल, तर एक. सपाट रस्त्यावरही बरोबरीच्या वयाची माणसे पुढे निघून जातात, किंवा स्वतःच्या चालीने चालतानाही मध्ये थांबावे लागते, तर दोन. सपाटीवर शंभरेक मीटर किंवा काही मिनिटे चालून थांबावे लागते, तर तीन. घराबाहेर पडणेच होत नाही, किंवा कपडे घालताना-काढताना धाप लागते, तर चार. ‘नाना, देवळापर्यंत जाताना सोबतचे लोक तुमच्यासाठी थांबतात का?’ हा साधा प्रश्न श्रेणी एक आणि दोन यांतला फरक चटकन दाखवतो. गुण देताना श्रेणी शून्य आणि एक यांना शून्य गुण, दोनला एक, तीनला दोन आणि चारला तीन. श्रेणी आणि गुण हे दोन वेगळे आकडे आहेत. केसपेपरवर दोन्ही स्वतंत्र लिहावेत, नाहीतर पुढचा डॉक्टर एकाला दुसरा समजतो.

गुडघेदुखीमुळे चालणे थांबलेल्या रुग्णाची श्रेणी अवघड असते. थांबण्याचे कारण श्वास की सांधा, हे त्याच्याकडूनच वदवून घ्यावे आणि तसे नोंदवावे.

सहा मिनिटांची चाल

चारांपैकी हे मोजमाप सर्वाधिक टाळले जाते, आणि माझ्या मते माहितीही सर्वाधिक तेच देते, कारण फुप्फुसे, हृदय, पायांचे स्नायू आणि माणसाची उमेद या सगळ्यांची त्यात एकत्र परीक्षा होते.

जागा सपाट, सरळ, सावलीची आणि वर्दळ नसलेली हवी. प्रमाणित अंतर तीस मीटरचे आहे; दोन टोकांना खुणेचे शंकू ठेवावेत आणि दर तीन मीटरवर खडूने किंवा चिकटपट्टीने खूण करावी. दवाखान्यात एवढा व्हरांडा क्वचितच असतो. दहा मीटरच्या व्हरांड्यात चाचणी उरकली तर वळणे वाढतात आणि अंतर कमी भरते, त्यामुळे रुग्णाला नाहक जास्त गुण मिळतात. त्यापेक्षा जवळच्या शाळेचा किंवा मंगल कार्यालयाचा व्हरांडा सुट्टीच्या दिवशी मिळतो का पाहावे आणि दोन-तीन रुग्णांच्या चाचण्या एकत्र घ्याव्यात. आपत्कालीन औषधे, ऑक्सिजन आणि खुर्ची हाताशी असल्याखेरीज मात्र चाचणी सुरू करू नये.

गेल्या महिन्यात हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा छातीत अस्थिर स्वरूपाचे दुखणे असेल, तर चाचणी करू नये. विश्रांतीत नाडी १२०च्या वर किंवा रक्तदाब १८०/१००च्या वर असेल तर आधी त्याचा विचार करावा. रुग्णाने हलके खाल्लेले असावे, नेहमीचे पंप घेतलेले असावेत, पायात सवयीच्या चपला किंवा बूट असावेत आणि हातात नेहमीची काठी असेल तर तीही असू द्यावी. नऊवारी नेसलेल्या आजींना घाईने वळायला सांगू नये.

सूचना सर्वांना एकसारखी द्यावी : सहा मिनिटांत जास्तीत जास्त अंतर चालायचे, पळायचे नाही, दम लागला तर थांबायचे, भिंतीला टेकायचे आणि जमेल तसे पुन्हा चालायला लागायचे. घड्याळ मात्र थांबत नाही. आपण रुग्णाच्या बरोबरीने चालू नये, कारण मग तो आपल्या चालीने चालतो. दर मिनिटाला ठरलेल्या शब्दांत, एकाच सुरात धीर द्यावा. एकाला जोरजोरात प्रोत्साहन आणि दुसऱ्याला नुसतेच ‘हं’ असे केले तर आकडे तुलनेच्या लायकीचे राहत नाहीत. ऑक्सिमीटर सतत लावलेला असावा आणि ऑक्सिजनची पातळी ८० टक्क्यांखाली गेली तर चाचणी थांबवावी. छातीत दुखणे, पाय लटपटणे किंवा चेहरा पांढराफटक पडणे हीही थांबण्याची कारणे आहेत. पहिल्यांदाच चालणारा रुग्ण दुसऱ्या खेपेस सरावाने थोडे अधिक चालतो, म्हणून शक्य असेल तर अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर चाचणी पुन्हा घेऊन त्यातले जास्तीचे अंतर धरावे.

गुण असे : ३५० मीटर किंवा अधिक असेल तर शून्य, २५० ते ३४९ मीटरला एक, १५० ते २४९ मीटरला दोन, १४९ मीटर किंवा कमी असेल तर तीन.

बेरीज आणि तिचा अर्थ

समजा दिंडोरी तालुक्यातील बासष्ट वर्षांचे एक शेतकरी तपासणीला आले आहेत. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ५१ किलो, म्हणजे बॉडी मास इंडेक्स २०.४ आणि एक गुण. एफईव्ही-१ ४२ टक्के, दोन गुण. धापेची श्रेणी तीन, दोन गुण. चाल २९० मीटर, एक गुण. बेरीज सहा.

मूळ अभ्यासातील चार गटांत चार वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण ढोबळमानाने असे होते : ० ते २ गुणांच्या गटात ८० टक्के, ३-४ गुणांच्या गटात ६७ टक्के, ५-६ गुणांच्या गटात ५७ टक्के आणि ७ ते १० गुणांच्या गटात १८ टक्के. आपल्या रुग्णाचा गट तिसरा. याचा अर्थ, त्या अभ्यासातील त्याच्यासारख्या शंभर जणांपैकी सुमारे सत्तावन्न जण चार वर्षांनी हयात होते. हे शेतकरी त्या सत्तावन्नांत असतील की उरलेल्यांत, हे निर्देशांक सांगत नाही आणि सांगूही शकत नाही.

याच अभ्यासात निर्देशांकाची पारख करणारा आकडा ०.७४ आला, तर एकट्या एफईव्ही-१साठी तो ०.६५ होता. सोप्या शब्दांत, लवकर दगावलेला एक आणि अधिक काळ जगलेला दुसरा अशा रुग्णांच्या शंभर जोड्या घेतल्या, तर सुमारे चौऱ्याहत्तर जोड्यांत बोडने पहिल्याला जास्त गुण दिले होते. हे चांगले आहे, पण उरलेल्या सव्वीस जोड्यांतही माणसेच आहेत. रुग्णांचा क्रम लावण्याची क्षमता ही एक गोष्ट आणि टक्केवारी तंतोतंत बरोबर असणे ही दुसरी. मूळ रुग्ण अमेरिका, स्पेन आणि व्हेनेझुएला येथील होते, त्यांत पुरुष आणि धूम्रपान करणारे बहुसंख्य होते. चुलीच्या धुराने आजारी पडलेल्या आपल्याकडच्या स्त्रीला क्रमाच्या बाबतीत हा निर्देशांक बहुधा उपयोगी पडेल. टक्केवारी मात्र तशीच्या तशी उचलू नये. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे, आणि छातीविकार विषयाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधासाठी याहून गरजेचा विषय शोधावा लागणार नाही : आपल्या जिल्ह्यातील रुग्णांवर हा निर्देशांक किती खरा ठरतो, हे पाहणे.

हेच शेतकरी तीन महिन्यांच्या पुनर्वसनानंतर परत आले असे समजू. वजन ५३ किलो, बॉडी मास इंडेक्स २१.२, गुण शून्य. एफईव्ही-१ तेवढाच, गुण दोन. धापेची श्रेणी दोन, गुण एक. चाल ३२० मीटर, गुण पूर्वीचाच एक. बेरीज चार. इथे दोन गोष्टी दिसतात. दोन किलो वजनाने एक पूर्ण गुण हलला, कारण ते नेमके सीमारेषेवर होते. आणि चालण्यात झालेली तीस मीटरची सुधारणा, जी रुग्णाला रोजच्या जगण्यात जाणवते, गुणांत अजिबात दिसली नाही. म्हणून बेरजेबरोबर मूळ मोजमापेही नेहमी लिहावीत. पुनर्वसनानंतर ज्यांचा बोड सुधारला त्यांच्यात पुढे मृत्यूचे प्रमाण कमी आढळले आहे, ही आश्वासक गोष्ट आहे. तरीही ‘धोका त्रेचाळीस टक्क्यांवरून तेहतीसवर आणला’ असे कोणाला सांगू नये; तेवढा दावा करण्याइतका हा पुरावा नाही.

बेरजेत न येणाऱ्या गोष्टी

आजार बळावण्याचे प्रसंग बोडमध्ये धरलेले नाहीत, ही त्यातली मोठी उणीव आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्पॅनिश अभ्यासात, रुग्णालयात जावे लागण्याइतके तीन किंवा अधिक प्रसंग वर्षात ज्यांना आले, त्यांचा मृत्यूचा धोका असे प्रसंग न आलेल्यांच्या सुमारे चौपट होता. निफाडची थंडी सुरू झाली की अशा रुग्णांची गर्दी वाढते. गेल्या दोन हिवाळ्यांत किती वेळा दाखल व्हावे लागले, किती वेळा स्टिरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स घेतला, हे तारखांसह विचारावे. गावातल्या डॉक्टरांकडे घेतलेली ‘सुई’ आणि सलाइनही त्यात मोजावे, कारण रुग्ण त्याला दाखल होणे समजत नाही.

दुसरी गोष्ट ऑक्सिजन. विश्रांतीत ऑक्सिमीटरवर पातळी ९२ टक्के किंवा कमी दिसली तर धमनीतील रक्ताची वायुतपासणी करून घ्यावी. मेंदी, नेलपॉलिश आणि थंडीने गारठलेली बोटे आकडा बिघडवतात, आणि सावळ्या त्वचेवर हे यंत्र प्रत्यक्षापेक्षा थोडी जास्त पातळी दाखवू शकते. कार्बन डायऑक्साइड साठत आहे का, हे तर ऑक्सिमीटर दाखवतच नाही.

तिसरी गोष्ट सोबतच्या आजारांची. सीओपीडीच्या रुग्णांवरील ‘टॉर्च’ या मोठ्या चाचणीत मृत्यूच्या कारणांची छाननी झाली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश मृत्यू श्वसनाच्या कारणांनी, एक चतुर्थांश हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणांनी आणि एक पंचमांश कर्करोगाने झाल्याचे आढळले. म्हणून ईसीजी काढावा, रक्तदाब आणि साखर आटोक्यात आणावी, खोकल्याचे स्वरूप बदलले किंवा थुंकीतून रक्त आले तर छातीचे चित्र नव्याने काढावे. हृदयासाठी गरजेचे असलेले निवडक बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारे औषध) केवळ सीओपीडी आहे म्हणून अडवून ठेवू नये.

चालणे शक्य नसेल किंवा रुग्ण दाखल असेल तर

पाय गमावलेला, पक्षाघात झालेला किंवा व्हरांडाच उपलब्ध नसलेल्या ठिकाणचा रुग्ण असेल, तर ‘एडीओ’ निर्देशांक वापरावा. त्याला वय, धाप आणि अडथळा एवढेच लागते आणि तो तीन वर्षांचा धोका अजमावतो. २००९ची मूळ आवृत्ती दहा गुणांची आणि २०१२ची सुधारित चौदा गुणांची आहे. कोणती वापरली ते लिहिले नाही तर आकड्याला काही अर्थ उरत नाही. वयाचा त्यात मोठा वाटा असल्याने उपचारांनी हा निर्देशांक फारसा हलत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आजार बळावून दाखल झालेल्या रुग्णासाठी बोड कामाचा नाही. तिथे २०१२ साली प्रसिद्ध झालेला ‘डिकॅफ’ वापरावा, जो रुग्णालयातच मृत्यू होण्याचा धोका सांगतो. बिघडण्यापूर्वी धापेमुळे मदतीशिवाय घराबाहेर पडता येत नसेल तर एक गुण, अंघोळ आणि कपडे या दोन्हींसाठीही मदत लागत असेल तर दोन. रक्तातील इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला ५०पेक्षा कमी असतील, एक्स-रेमध्ये न्यूमोनियाचा डाग असेल, धमनीतील रक्ताचा पीएच ७.३०च्या खाली (म्हणजे रक्त आम्लधर्मी झालेले) असेल आणि हृदयाचा ठोका एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे अनियमित असेल, तर प्रत्येकी एक. शून्य किंवा एक गुण म्हणजे कमी धोका, दोन म्हणजे मध्यम, तीन किंवा अधिक म्हणजे जास्त. मूळ अभ्यासात तीन गुणांनाच सुमारे चारांतला एक रुग्ण दगावला होता. घोटी किंवा कळवणच्या रुग्णालयात तीन गुण भरत असतील आणि नाकातोंडावरच्या मास्कने श्वासाला आधार देणारे यंत्र तिथे नसेल, तर नाशिकला हलवण्याचा निर्णय रात्र उलटेपर्यंत लांबवू नये.

आकडा आल्यावर काय करावे

पाच किंवा अधिक गुण आले तर रुग्ण छातीविकारतज्ज्ञाने पाहिलेला असावा. फुप्फुस प्रत्यारोपणासाठी विचारविनिमय ५-६ गुणांपासून सुरू करावा आणि प्रतीक्षायादीत नाव घालण्याचा विचार सात किंवा अधिक गुणांवर, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन २०१४ पासून आहे. आपल्या बहुसंख्य रुग्णांसाठी तो मार्ग खुला नसतो, पण ज्या एखाद्यासाठी असतो त्याला तो उशिरा कळू नये.

प्रत्यारोपणाच्या कितीतरी आधी करण्यासारखे बरेच असते. विडी सोडवणे सर्वांत वरचे, आणि घरात चूल असेल तर धूर कमी करणे तेवढेच निकडीचे. पुनर्वसन म्हणजे देखरेखीखालचा व्यायाम, आहार आणि पंप वापरण्याचे शिक्षण; रुग्णालयातून घरी गेल्यावर ते चार आठवड्यांच्या आत सुरू व्हावे. स्थिर अवस्थेत धमनीतील ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ५५ मिलिमीटर किंवा कमी, किंवा पातळी ८८ टक्के किंवा कमी असल्याची तीन आठवड्यांच्या अवधीत दोनदा खात्री झाली, तर घरी रोज किमान पंधरा तास ऑक्सिजन द्यावा; त्याने आयुष्य वाढते हे १९८० आणि १९८१च्या दोन चाचण्यांनी दाखवले. पातळी त्याहून थोडी बरी, म्हणजे ८९ ते ९३ टक्के असताना दिलेल्या ऑक्सिजनचा जगण्यावर फायदा दिसला नाही, हे २०१६च्या चाचणीत स्पष्ट झाले, त्यामुळे कर्ज काढून कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र) घेणाऱ्या कुटुंबाला आधी थांबवून तपासणी करावी. जिथे वीज तासन्‌तास जाते तिथे सिलिंडरची सोय लावून द्यावी, आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत चूल, विडी, देवापुढचा दिवा यांपैकी काहीही नको, हे घरातल्या प्रत्येकाला सांगावे. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकसची लस वेळापत्रकाप्रमाणे द्यावी.

रुग्णाला कसे सांगावे

नातेवाईक केबिनमध्ये आधी येतात आणि ‘डॉक्टर, त्यांना काही सांगू नका’ असे म्हणतात. त्यामागे माया असते, तिचा मान राखावा. पण माहितीवर पहिला हक्क रुग्णाचा आहे. त्याला एकट्याला विचारावे, ‘बाबा, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे? सगळे तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?’ त्याने मुलाशी बोला म्हटले तर तसे करावे आणि ते त्याचे उत्तर म्हणून नोंदवावे. जाणून घ्यायचे असेल तर टक्के न सांगता माणसे सांगावीत : तुमच्यासारखे शंभर जण असतील तर चार वर्षांनी निम्म्याहून थोडे अधिक आपल्यात असतील, आणि तुमचे पाय आणि वजन सुधारले तर तुमची बाजू बळकट होईल. ‘चार वर्षे आहेत’ असे वाक्य कधीही बोलू नये. ते खोटे असते, आणि घरचे लोक ते तारखेसारखे धरून बसतात.

सात किंवा अधिक गुण असतील, दाखल होण्याचे प्रसंग वाढत असतील आणि ऑक्सिजन लागत असेल, तर पुढच्या वेळी व्हेंटिलेटर लावायचा का, हे रुग्ण शांतपणे बोलू शकतो तेव्हाच विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली आगाऊ वैद्यकीय निर्देशाला (पुढे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला) मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे तो करता येतो. धाप कमी करणारे उपशामक उपचार यासोबतच सुरू करता येतात, त्यासाठी इतर उपचार थांबवावे लागत नाहीत.

नोंद ठेवताना केसपेपरवर तारीख, रुग्ण स्थिर होता की नाही, उंची-वजन, पंपानंतरचा एफईव्ही-१ लिटरमध्ये आणि टक्क्यांत, धापेची श्रेणी, चाललेले मीटर, सर्वांत कमी ऑक्सिजन पातळी, चाचणीच्या व्हरांड्याची लांबी, निर्देशांकाचे नाव आणि आवृत्ती, बेरीज आणि पुढच्या तपासणीचा महिना एवढे लिहावे. सर्व मोजमापे वर्षातून एकदा, तसेच प्रत्येक मोठ्या बिघाडानंतर रुग्ण स्थिर झाल्यावर पुन्हा घ्यावीत. कागदाची एक प्रत रुग्णाकडे द्यावी आणि औषधांच्या पिशवीतच ठेवायला सांगावे, म्हणजे रात्री सुरगाण्याहून जिल्हा रुग्णालयात आणलेल्या रुग्णासमोर उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरला, हा माणूस आजारी पडण्यापूर्वी किती चालत होता, हे विचारत बसावे लागणार नाही.